झोना फाटलेल्या एम्ब्रियोला अगार आणि अल्जिनेटचं कवच: कधी घालायचं, कसं घालायचं, कसं काढायचं

एम्ब्रियो कापायला शिकवणारे खूप भेटतात, पण कापून झाल्यावर तो झाकायचा कसा हे नीट बसून कोणी सांगत नाही, माझी पीएचडीची पहिली दीड वर्षं यातच गेली. पेपरच्या मेथड्समध्ये दोन ओळी असतात, "एम्ब्रियो अगारमध्ये एम्बेड केले", संपलं. त्या दोन ओळींच्या आत काय काय दडलेलं असतं ते लिहून ठेवावं असं खूप दिवस मनात होतं, म्हणून हा लेख, जरा लांब आहे पण बेंचवर बसायच्या आधी एकदा सगळा वाचा.

हे सगळं उंदीर, मेंढी, गाय, म्हैस यांच्या एम्ब्रियोवर काम करणाऱ्यांसाठी आहे, मानवी एम्ब्रियोसाठी नाही, आयव्हीएफ सेंटरमधल्या मित्रमैत्रिणींनी यातलं काही पेशंटच्या एम्ब्रियोवर करून बघू नये. आणि प्राण्यांवरचं काम असलं तरी संस्थेच्या एथिक्स कमिटीची आणि सीसीएसईएच्या (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्र सरकारची समिती) नियमांप्रमाणे लागणारी परवानगी हातात आल्याशिवाय पहिला उंदीरसुद्धा घेऊ नका.

बेंचवर एक चिठ्ठी चिकटवा: कवच काढायचं कसं ते आधी ठरवा, मग घाला. मी सुरुवातीला हे उलटं केलं होतं, त्याबद्दल पुढे सांगते.

झोना गेला की नक्की काय बिघडतं

झोना पेल्युसिडा म्हणजे अंड्याभोवतीचं ग्लायकोप्रोटीनचं पारदर्शक वेष्टण, उंदरात साधारण ६-७ मायक्रॉन जाड, गाई-मेंढीत त्याहून बरंच जाड. त्याची शुक्राणूंशी संबंधित कामं आपण अभ्यासात शिकलेलो असतो, पण आपल्याला इथे त्याचं नंतरचं काम महत्त्वाचं आहे, ते म्हणजे पेशी एकत्र धरून ठेवणं. दोन, चार, आठ पेशींच्या अवस्थेत पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या नसतात, पिशवीत गोट्या असाव्यात तशा नुसत्या शेजारी शेजारी असतात. पिशवी फाटली की गोट्या घरंगळतात. मग कॉम्पॅक्शन होतं, पेशी एकमेकींना चिकटून सपाट होतात, कडा दिसेनाशा होतात, आणि तिथून पुढे एम्ब्रियो स्वतःला स्वतः धरून ठेवतो. उंदरात हे आठ पेशींना होतं, गाई-मेंढीत उशिरा, साधारण १६ ते ३२ पेशींच्या आसपास.

म्हणजे धोक्याचा काळ कॉम्पॅक्शनच्या आधीचा. डिशमध्ये ठेवलं तर पेशी फक्त पसरतात, पण अंडनलिकेत ठेवलं तर नलिकेच्या भिंतीला चिकटतात, नलिका आकुंचन पावते तशा चिरलेल्या झोनामधून बाहेर दाबल्या जातात, आणि शरीरातल्या पांढऱ्या पेशी चिरेतून आत घुसतात. १९७० मध्ये मॉडलिन्स्की यांनी उंदरावर दाखवलं की झोना काढलेले सुरुवातीचे एम्ब्रियो अंडनलिकेत टिकत नाहीत. पुढे १९७४ मध्ये ट्राउन्सन आणि मूर यांनी मेंढीच्या अंड्यांचा झोना पूर्ण किंवा अर्धवट काढून हाच प्रश्न तपासला.

यावर तोडगा काढला स्टीन विलाडसेन यांनी, केंब्रिजमध्ये, १९७९ मध्ये. मेंढीच्या दोन पेशींच्या एम्ब्रियोतल्या पेशी वेगळ्या केल्या, एकेक पेशी रिकाम्या झोनात घातली आणि ते सगळं अगारच्या नळकांड्यात बंद केलं. ती नळकांडी एका मेंढीच्या बांधलेल्या अंडनलिकेत चार-पाच दिवस ठेवली, मग बाहेर काढून, अगार सोलून, वाढलेले एम्ब्रियो दुसऱ्या मेंढ्यांच्या गर्भाशयात ठेवले आणि एकसारखी जुळी कोकरं मिळाली. मला या कामाबद्दल फार आदर आहे, कारण त्या काळी मेंढीचा एम्ब्रियो डिशमध्ये ब्लास्टोसिस्टपर्यंत (आत पाण्याची पोकळी तयार झालेली अवस्था) नेणारा भरवशाचा मीडियाच, म्हणजे वाढीचं द्रावणच, नव्हतं, त्यामुळे एम्ब्रियो पोटात ठेवणं भाग होतं, आणि पोटात ठेवायचं तर झाकणं भाग होतं. अगार ही त्या अडचणीतून निघालेली गोष्ट आहे.

डॉली या क्लोन मेंढीच्या मागेही हाच अगार आहे. स्कॉटलंडमधल्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये कासेच्या पेशी वापरून २७७ एम्ब्रियो तयार झाले, ते अगारमध्ये घालून मेंढ्यांच्या बांधलेल्या अंडनलिकांमध्ये ठेवले, त्यातले २९ मोरुला (कॉम्पॅक्शन झालेला पेशींचा गोळा) किंवा ब्लास्टोसिस्ट झाले, ते १३ मेंढ्यांमध्ये गेले आणि एक कोकरू जन्मलं, ५ जुलै १९९६. क्लोनिंगसाठी अंड्याचं केंद्रक बदलताना झोनाला भोक पडतंच, ते भोक झाकल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं.

तुम्हाला कवच खरंच लागतंय का?

हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारा, कारण निम्म्या वेळा उत्तर नाही असं येतं, आणि नको तिथे घातलेलं कवच नुकसानच करतं.

ब्लास्टोसिस्ट किंवा पक्क्या मोरुलाचे दोन भाग करून लगेच गर्भाशयात ठेवणार असाल तर कवच नको. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये ओझिल यांनी आणि कोलोरॅडोमध्ये सायडेल यांच्या ग्रुपने गाईंच्या अशा अर्ध्या एम्ब्रियोंवर काम केलं, आणि अर्धे एम्ब्रियो झोना नसतानाही गर्भाशयात रुजतात हे स्पष्ट झालं. कॉम्पॅक्शन झालेलं आहे, पेशी सुटणार नाहीत, मग झाकायचं कशाला.

बायोप्सीसाठी लेझरने पाडलेलं छोटं भोक असेल आणि एम्ब्रियो डिशमध्येच वाढणार असेल तरी नको.

झोना पूर्ण काढलाय पण एम्ब्रियो ब्लास्टोसिस्ट होईपर्यंत डिशमध्येच राहणार आहे? तर आधी मायक्रोवेलचा विचार करा. डिशच्या तळाला सुईने छोटे खड्डे करायचे, एका खड्ड्यात एक एम्ब्रियो, पेशी खड्ड्याच्या बाहेर जात नाहीत. वायटा यांनी २००० च्या सुमारास याला चांगलं रूप दिलं आणि त्यावरच हँडमेड क्लोनिंग (झोना काढून हातानेच अंडी कापून केलेलं क्लोनिंग) उभं राहिलं. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत (एनडीआरआय) २००९ साली जन्मलेल्या समरूपा आणि गरिमा या म्हशींच्या रेडक्या याच बिनझोनाच्या पद्धतीतून आल्या. आपल्याकडे म्हशीवर काम करणाऱ्यांनी अगारकडे वळायच्या आधी हा रस्ता बघावा असं माझं स्पष्ट मत आहे.

मग कवच लागतं कधी? कॉम्पॅक्शनच्या आधीचा एम्ब्रियो, झोना नाही किंवा मोठी चीर आहे, आणि तो प्राण्याच्या अंडनलिकेत जाणार आहे, तेव्हा. किंवा सुट्या केलेल्या पेशी हलवाहलवीत एकत्र ठेवायच्या आहेत, तेव्हा. किंवा फ्रीझिंगमध्ये झोना तडकलाय आणि एम्ब्रियो चार पेशींचा आहे, टाकून द्यायला मन होत नाही, तेव्हा.

अगार की अल्जिनेट

अगार म्हणजे आपल्या किराणा दुकानातलं चायना ग्रास, समुद्री शेवाळापासूनच येतं, फक्त आपल्याला लॅबचा शुद्ध ग्रेड हवा. त्याचा सगळ्यात उपयोगी गुण असा की तो वितळतो ८५ अंशांच्या वर आणि पुन्हा घट्ट होतो ३२ ते ४० अंशांच्या दरम्यान. या मधल्या फरकामुळेच एम्ब्रियोला न भाजता तो वापरता येतो, आणि एकदा घट्ट झाला की शरीराच्या तापमानाला पुन्हा वितळत नाही. तोटा असा की तो काढायचा तर सुईने चिरूनच काढावा लागतो.

अल्जिनेट तपकिरी शेवाळातून येतं. दातांच्या डॉक्टरकडे माप घ्यायला तोंडात जी पेस्ट घालतात तिच्यात हेच असतं. सोडियम अल्जिनेट पातळ असतं, कॅल्शियम मिळालं की जेल होतं, तापमानाचा संबंध नाही, म्हणून भाजायची भीती नाही. आणि कॅल्शियम काढून घेतलं किंवा एन्झाइम घातलं की ते विरघळतं. १९८७ मध्ये अडानिया आणि सहकाऱ्यांनी, १९९० मध्ये कॉस्बी आणि ड्यूकलो यांनी उंदराचे एम्ब्रियो अल्जिनेटमध्ये बंद करून डिशमध्ये वाढवले, दुसऱ्या कामात तर बिनझोनाचे एम्ब्रियोही होते.

माझा साधा हिशोब असा: मेंढीच्या किंवा मोठ्या जनावराच्या अंडनलिकेत चार-पाच दिवस ठेवायचंय तर अगार, तो धक्के सोसतो. उंदराचा एम्ब्रियो आणि डिशमधलं काम असेल तर अल्जिनेट.

अगारची पद्धत

आदल्या दिवशी ०.९ टक्के सलाईनमध्ये दोन प्रकारचा अगार करा, एक १ टक्का आणि एक १.२ टक्के. उकळत्या पाण्यात बाटली ठेवून पूर्ण पारदर्शक होईपर्यंत विरघळवा, एकही गाठ नको, मग पाच-पाच मिलीच्या छोट्या बाटल्यांत भरून ऑटोक्लेव्ह करा. एकदा वितळवलेली बाटली पुन्हा वितळवून वापरू नका, प्रत्येक वेळी पाणी उडतं आणि टक्केवारी वाढते, मग काल बरोबर असलेला अगार आज कडक का झाला ते कळत नाही.

त्या दिवशी बाटली उकळत्या पाण्यात वितळवा, ४५ अंशांच्या वॉटर बाथमध्ये थोडा वेळ ठेवा आणि वापरायच्या लगेच आधी ३८-३९ ला आणा. तुमचा अगार नक्की कितीला घट्ट होतो हे ब्रँडप्रमाणे बदलतं, त्यामुळे आधी नुसत्या अगारचा थेंब घेऊन बघून ठेवा. तापमान बाथच्या डिस्प्लेवर बघायचं नाही, बाटलीत थर्मामीटर घालून बघायचं. हे मी ठासून सांगतेय कारण एकदा मी डिस्प्लेवर विश्वास ठेवला, बाथ चार-पाच अंश जास्त गरम होता आणि सकाळपासून चार तास बसून वेगळे केलेले सगळे मेंढीचे एम्ब्रियो पहिल्याच मिनिटाला गेले. दुसऱ्या दिवशी पेशी काळ्या, दाणेदार, फुटलेल्या. त्या मेंढ्यांनी दिलेलं वाया गेलं याचं वाईट अजून वाटतं.

पिपेट दोन लागतात. आतल्या कवचासाठी काचेची कॅपिलरी ओढून आतून साधारण ०.२५ मिमी व्यासाची करा, गाई-मेंढीचा एम्ब्रियो झोनासकट साधारण ०.१५-०.१६ मिमी असतो, म्हणजे दोन्ही बाजूंना थोडा अगार उरतो. बाहेरच्या कवचासाठी ०.५ मिमीच्या आसपास. टोकं ज्योतीवर किंचित गोल करून घ्या, धारदार टोक अगार ओरबाडतं.

आता प्रत्यक्ष काम, स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली, गरम स्टेजवर. एम्ब्रियो आधी हेपीसचा बफर (इन्क्युबेटरच्या बाहेर पीएच टिकवणारा) असलेल्या मीडियात ठेवा, त्यात सिरम किंवा बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) असू द्या, नाहीतर उघड्या पेशी काचेला चिकटतात. गरम केलेल्या डिशमध्ये १ टक्का अगारचा मोठा थेंब टाका. एम्ब्रियो कमीत कमी मीडियासकट उचला, हे फार महत्त्वाचं, जास्त मीडिया आला की एम्ब्रियोभोवती पाण्याचा कप्पा तयार होतो आणि कवचात पोकळी राहते. एम्ब्रियो अगारच्या थेंबात सोडा, एकदा हलकेच फिरवा म्हणजे भोवतीचा मीडिया निघून जाईल, मग कॅपिलरीत आधी थोडा अगार, मग एम्ब्रियो, मग पुन्हा अगार असं ओढा. कॅपिलरी आडवी धरा, बोटांत हळू फिरवत राहा, नाहीतर एम्ब्रियो खाली बसतो आणि कवचाच्या कडेला जातो. घट्ट होईपर्यंत फिरवायचं, अर्धं मिनिट लागतं, खोलीच्या तापमानावर अवलंबून आहे, एसी जोरात असेल तर अगार पिपेटमध्येच अडकतो, म्हणून मी त्या वेळेला एसी बंदच करते.

घट्ट झालेलं नळकांडं मीडियात हळू दाबून बाहेर सोडा. बारीक सुईने दोन्ही बाजूंनी कापून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास लांब ठेवा. आता फोकस वरखाली करून बघा, एम्ब्रियो मध्यभागी आहे का, कुठे बाहेर डोकावतोय का, बुडबुडा आहे का. एम्ब्रियो कडेला असेल तर ते नळकांडं तसंच पुढे नेऊ नका, पुढे नलिकेत तिथूनच पांढऱ्या पेशी आत जातात. काढा आणि परत करा.

मग दुसरं कवच, १.२ टक्क्यांचा अगार, रुंद कॅपिलरी, बाकी सगळं तेच. दुसऱ्या थराची गरज काय असं विचाराल तर पहिल्या नळकांड्याच्या टोकाला कापलेल्या जागी एम्ब्रियोपर्यंतचं अंतर कमी असतं, दुसरा थर ती टोकं बंद करतो, आणि उचलाउचलीत एक थर तडकला तरी दुसरा असतो.

अंडनलिकेत ठेवताना नलिका गर्भाशयाच्या बाजूला बांधलेली हवी, नाहीतर नळकांडी पुढे वाहून जातात. सर्जरी अनुभवी व्हेटरनरी सर्जनकडूनच, पूर्ण भूल आणि नंतर वेदनाशामक देऊन. चार-पाच दिवसांनी फ्लश करून सगळी नळकांडी मोजून परत घ्या, किती ठेवली आणि किती मिळाली हे वहीत लिहा, न मिळालेली संख्या लपवू नका.

अल्जिनेटची पद्धत

इथे चूक व्हायची जागा वेगळी आहे, ती म्हणजे सोल्युशनची केमिस्ट्री.

सोडियम अल्जिनेट ०.९ टक्के सलाईनमध्ये १ ते १.५ टक्के करा. पावडर एकदम ओतली की साबुदाण्याच्या खिचडीसारख्या गाठी होतात, चिमूट चिमूट टाकत ढवळा, रात्रभर ढवळत ठेवलं तर उत्तम. ऑटोक्लेव्ह नको, उष्णतेने त्याच्या साखळ्या तुटतात आणि जेल लिबलिबीत होतं, फिल्टरच करा, घट्ट वाटलं तर थोडं कोमट करून आधी ०.४५ आणि मग ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून. पावडर एंडोटॉक्सिन (बॅक्टेरियाच्या भिंतीतून येणारं विष) कमी असलेली, शुद्ध केलेली घ्या, खाण्याच्या ग्रेडवर एम्ब्रियो ठेवू नका.

पीबीएस वापरू नका. त्यातला फॉस्फेट कॅल्शियमला धरतो, एम्ब्रियोभोवती पांढरी पूड बसते आणि जेल नीट होत नाही. बायकार्बोनेटच्या मीडियातून एम्ब्रियो थेट कॅल्शियममध्ये नेला तरी गढूळपणा येतो, म्हणून मध्ये हेपीसच्या मीडियात आणि मग साध्या सलाईनमध्ये झटपट धुवून घ्या, सलाईनमध्ये काही सेकंदांपेक्षा जास्त ठेवायचं नाही.

कॅल्शियम क्लोराईडचं सोल्युशन करताना ऑस्मोलॅरिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांची एकूण संख्या, बघा. १०० मिलीमोलर कॅल्शियम क्लोराईड एकटंच तीनशे मिलीऑस्मोलच्या, म्हणजे ०.९ टक्के सलाईनच्याच, जवळ जातं, कारण एका रेणूतून तीन आयन सुटतात. बरेच जण त्यात सवयीने ०.९ टक्के सलाईन मिसळतात आणि सोल्युशन दुप्पट खारट होतं, एम्ब्रियो आक्रसून बसतो आणि आपण अल्जिनेटला दोष देतो. मी ५० मिलीमोलर कॅल्शियम क्लोराईड आणि ७५ मिलीमोलर मीठ असं करते, म्हणजे १०० मिलीमध्ये डायहायड्रेट कॅल्शियम क्लोराईड ०.७३५ ग्रॅम आणि सोडियम क्लोराईड ०.४४ ग्रॅम, मग ऑस्मोमीटरवर तपासते. जेल जास्त मजबूत हवं म्हणून कोणी बेरियम किंवा स्ट्रॉन्शियम सुचवलं तर ऐकू नका, बेरियम विषारी आहे आणि स्ट्रॉन्शियम तर उंदराच्या अंड्यांना ॲक्टिव्हेट करायलाच वापरतात, तुमचा सगळा प्रयोग गोंधळून जाईल.

एम्ब्रियो अल्जिनेटच्या थेंबात सोडा, दोन थेंबांतून फिरवा म्हणजे मीडिया निघून जाईल. मग बारीक पिपेटमध्ये एम्ब्रियो आणि त्याच्याभोवती थोडं अल्जिनेट घेऊन कॅल्शियमच्या बाथच्या वर पिपेट धरा आणि छोटा थेंब पडू द्या. पृष्ठभागाच्या फार जवळ धरलं तर थेंबाला शेपूट येतं, फार वरून टाकलं तर थेंब चपटा होतो, एक-दोन सेंटिमीटरवर साधारण जमतं, हात बसायला पन्नास-साठ रिकामे थेंब टाकून बघा. बाथमध्ये दोन मिनिटं, जास्त नाही. मग हेपीसच्या मीडियात तीनदा धुवा आणि कल्चरच्या थेंबात, तेलाखाली, नेहमीसारखं, उंदराला केएसओएम मीडिया आणि ३७ अंश, गाई-मेंढीला एसओएफ मीडिया आणि ३८.५, कार्बन डायऑक्साइड ५ टक्के, ऑक्सिजन शक्यतो ५ टक्के. दोन-तीन दिवसांत मीडियातलं सोडियम हळूहळू कॅल्शियमची जागा घेतं आणि गोळी थोडी फुगून मऊ होते, घाबरू नका, ब्लास्टोसिस्टला फुगायला जागा मिळते ती यामुळेच.

जेल फार घट्ट केलं तर मात्र उलट होतं. ब्लास्टोसिस्टच्या पोकळीत पाणी भरतं, तो पसरायला बघतो आणि कवच त्याला दाबून धरतं. झोना लवचिक असतो, पातळ होत होत शेवटी फाटतो, आपलं जेल तसं करत नाही. म्हणून टक्केवारी दीडच्या वर नेऊ नका, आणि जमत असेल तर एकवरच राहा.

काही जण अल्जिनेटवर पॉलीलायसिनचा (धन भार असलेला पॉलिमर, जेलला चिकटून पडदा करतो) थर देतात, स्वादुपिंडाच्या पेशींच्या कॅप्सूलसाठी ही पद्धत १९८० पासून वापरात आहे. पण पॉलीलायसिन उघड्या पेशीला लागलं तर मारतं, आणि आपला एम्ब्रियो गोळीच्या कडेला असेल तर ते लागणारच. मी ते बंद केलंय.

कवच काढणं

इथे ती चिठ्ठी आठवा. माझ्या पहिल्या अल्जिनेटच्या बॅचमध्ये मी सायट्रेटने कवच विरघळवायचं ठरवलं, सगळीकडे तेच लिहिलेलं असतं. सायट्रेट कॅल्शियम ओढून घेतं, जेल विरघळतं, हे खरं, पण एम्ब्रियोच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं ई-कॅडहेरिनसुद्धा कॅल्शियमवरच चालतं. छान कॉम्पॅक्ट झालेले मोरुला माझ्या डोळ्यांसमोर सुटे होत गेले, पुन्हा द्राक्षाच्या घडासारखे दिसायला लागले. काही मीडियात परत नेल्यावर जुळले, काही नाही. ज्या कामासाठी कवच घातलं होतं तेच काढताना मोडलं.

म्हणून आता अल्जिनेट लायेज एन्झाइम, १० युनिट प्रति मिली, ३७ अंशांवर, कॅल्शियम असलेल्या हँडलिंग मीडियात, अर्धा तासाच्या आत गोळी विरघळते, दर पाच मिनिटांनी बघत राहा आणि सुटला की लगेच उचला. सायट्रेट वापरायचंच असेल तर पूर्ण ब्लास्टोसिस्टवर आणि एक-दोन मिनिटांपुरतंच, उरलेलं मऊ जेल पिपेटने सोडवा.

अगारसाठी दोन २६ गेजच्या सुया किंवा काचेच्या बारीक सुया. एकीने नळकांडं डिशच्या तळाशी दाबून धरायचं, दुसरीने लांबीच्या दिशेने चीर द्यायची, आडवी नाही, आडव्या चिरेत एम्ब्रियो कापला जातो. बाहेरचा थर उघडला की आतलं नळकांडं सुटतं, मग तेच पुन्हा. मीडियात बीएसए ठेवा. ब्लास्टोसिस्ट आत फुगलेला असेल तर चीर दिल्यावर तो स्वतःच थोडा बाहेर येतो, मग ओढू नका, मीडियाची हलकी फुंकर द्या.

हे कवच म्हणजे झोना नाही

जनावरांच्या एम्ब्रियो ट्रान्सफरमध्ये काम करणाऱ्यांनी हा भाग वगळू नये. एम्ब्रियोतून रोग पसरू नये म्हणून आंतरराष्ट्रीय एम्ब्रियो टेक्नॉलॉजी सोसायटीची दहा वेळा धुवायची पद्धत आहे, दर वेळी शंभरपट पातळ करत. ती पद्धत अखंड झोनावर उभी आहे, किमान ५० पट मोठं करून झोनाचा सगळा पृष्ठभाग तपासायचा, तडा नको, काही चिकटलेलं नको. अगार किंवा अल्जिनेटची जाळी झोनासारखी नाही, विषाणू तिच्यातून जाऊ शकतो किंवा तिच्यात अडकून राहू शकतो. तेव्हा कवच घातलेला एम्ब्रियो धुतला म्हणजे सुरक्षित झाला असं कागदावर लिहू नका. दाता जनावर, सिरम, ज्या मेंढीत नळकांडी ठेवली ती मेंढी, सगळ्यांची तपासणी आधी करा.

कंट्रोल, नाहीतर काहीच कळत नाही

चार गट हवेत. झोना अखंड, कवच नाही. झोना अखंड, कवच आहे. झोना नाही, कवच नाही. झोना नाही, कवच आहे. बहुतेक जण पहिला आणि चौथा एवढेच करतात, आणि चौथा कमी आला की कारण सापडत नाही. दुसरा गट सांगतो की कवच घालण्याच्या प्रक्रियेने किती नुकसान होतंय, म्हणजे उष्णता, कॅल्शियम, हाताळणी. तिसरा सांगतो की कवचाशिवाय तुमच्या परिस्थितीत खरंच किती जातात, कधी कधी डिशमध्ये तिसरा गट इतका चांगला येतो की कवचाची गरजच नव्हती हे कळतं. प्रत्येक गटात किमान वीस एम्ब्रियो, तेही एकाच दिवसाच्या एकाच कलेक्शनमधून वाटलेले.

मोजताना नुसता ब्लास्टोसिस्टचा टक्का मोजू नका. कॉम्पॅक्शन वेळेवर झालं का, पोकळी कधी आली, आणि शेवटी पेशी मोजा, आतल्या पेशी आणि बाहेरच्या पेशी वेगळ्या रंगवून. दाबलेला ब्लास्टोसिस्ट वरून चांगला दिसतो आणि आत पेशी कमी निघतात. अगार किंवा अल्जिनेटची प्रत्येक नवीन बाटली आधी उंदराच्या साध्या एम्ब्रियोवर तपासा, अखंड एम्ब्रियो त्या जेलच्या अर्कात वाढवून ९६ तासांत ८० टक्के ब्लास्टोसिस्ट आले नाहीत तर ती बाटली बाजूला ठेवा, कितीही महाग असली तरी.

नवीन हाताने पहिल्या आठवड्यात खऱ्या एम्ब्रियोला हात लावू नये. कत्तलखान्यातून आणलेल्या अंडाशयांतली फलन न झालेली, खराब म्हणून बाजूला काढलेली अंडी घ्या, त्यांचा आकार तोच, झोना तोच, त्यांच्यावर रोज वीस नळकांडी करा. वीसपैकी अठरामध्ये अंडं मध्यभागी यायला लागलं आणि अठराही सोलून अखंड बाहेर काढता आली, की मग पुढच्या कलेक्शनची तारीख ठरवा.